रुपयाची हुंडणावळ आणि रोजंदाराचा हिशेब

(अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या व्याख्यानासाठी 'रुपयाची हुंडणावळ' हा विषय मी सुचविला, तेव्हा हा विषय आपल्या सभेत कशासाठी, असे आपल्यापैकी काहींना वाटले असेल. हुंडणावळ ही पेढीवाल्यांची, आयात-निर्यात करणाऱ्या व्यापाऱ्यांची आणि अर्थखात्याच्या अधिकाऱ्यांची बाब आहे. ज्यांच्या हातात महिन्याच्या वीस तारखेला पैसा उरत नाही त्यांना डॉलरचा भाव कळून काय उपयोग, असा हा प्रश्न आहे. या प्रश्नाचे उत्तर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी शंभर वर्षांपूर्वी दिलेले आहे. १९२३ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा ग्रंथ या विषयाचाच आहे. त्या ग्रंथाचे नाव आपण मोठ्या अभिमानाने घेतो. त्यातील विचार मात्र फार थोड्यांनी वाचला आहे. तो विचार समजून घेणे आणि आजच्या परिस्थितीला लावून पाहणे, एवढाच माझ्या आजच्या बोलण्याचा हेतू आहे.

मी अर्थशास्त्रज्ञ नाही. मी वकील आहे. कोणताही करार पुढे आला की त्यात नुकसान कोणी सोसावयाचे ते कोठे लिहिले आहे, हे प्रथम पाहावयाची वकिलाला सवय असते. रुपयाच्या इतिहासाकडे मी त्याच दृष्टीने पाहणार आहे. रुपया चढला किंवा उतरला, तेव्हा त्याचा भार कोणावर पडला आणि तो भार कोणी ठरविला, हा माझा प्रश्न आहे.

प्रथम शब्दांचा अर्थ निश्चित करू. एका देशाचे चलन देऊन दुसऱ्या देशाचे चलन ज्या भावाने मिळते तो भाव म्हणजे हुंडणावळीचा दर. हा दर दोन प्रकारे सांगता येतो, आणि त्यामुळे पुष्कळांचा घोटाळा होतो. १९६६ साली रुपयाचे अवमूल्यन झाले ते ३६.५ टक्के, असे सर्वत्र लिहिलेले आढळते. ते खरे आहे. परंतु पूर्वी जो डॉलर ४ रुपये ७६ पैशांना मिळत होता त्याला ७ रुपये ५० पैसे पडू लागले, म्हणजे विकत घेणाऱ्याला डॉलर ५७ टक्क्यांहून अधिक महाग झाला. रुपयाच्या बाजूने पाहिले तर घट ३६.५ टक्के आणि डॉलरच्या बाजूने पाहिले तर वाढ ५७ टक्के. सरकारी निवेदनात पहिला आकडा येतो, गृहिणीच्या हिशेबात दुसरा येतो. दोन्ही खरे आहेत. कोणता आकडा कोण सांगत आहे याकडे मात्र लक्ष असावे.

आता इतिहासाकडे वळू. १८३५ च्या कायद्याने कंपनी सरकारने आपल्या सर्व मुलखासाठी एकाच वजनाचा रुपया चालू केला. त्याचे वजन १८० ग्रेन, म्हणजे एक तोळा, आणि त्यात शुद्ध चांदी १६५ ग्रेन. टांकसाळ सर्वांना खुली होती. कोणीही चांदी नेऊन द्यावी आणि थोडी मजुरी वजा करून रुपये पाडून घ्यावेत, अशी व्यवस्था होती. म्हणजे रुपया ही चांदीच होती. इंग्लंडचे चलन मात्र सोन्याचे होते. त्यामुळे रुपया आणि पौंड यांचे नाते म्हणजे चांदी आणि सोने यांचे नाते झाले.

१८७१ नंतर जर्मनीने चांदी सोडून सोन्याचे चलन स्वीकारले, इतर देशांनी तीच वाट धरली, आणि चांदीच्या नव्या खाणीही निघाल्या. चांदी स्वस्त झाली. रुपयाचा दर १८७१ च्या सुमारास जवळजवळ दोन शिलिंग होता, तो १८९२-९३ पर्यंत सव्वा शिलिंगावर, म्हणजे १ शिलिंग ३ पेन्सांवर आला. हिशेब करून पाहा. रुपयाला दोन शिलिंग मिळत असता एका पौंडाला १० रुपये पडतात. सव्वा शिलिंग मिळू लागताच त्याच पौंडाला १६ रुपये मोजावे लागतात.

हे नुकसान कोणाचे? हिंदुस्थान सरकारला दरसाल विलायतेत कोट्यवधी पौंड पाठवावे लागत. कर्जावरील व्याज, रेल्वेच्या भांडवलावरील हमीची रक्कम, निवृत्त गोऱ्या अधिकाऱ्यांची पेन्शने, इंडिया ऑफिसचा खर्च, या साऱ्यांना 'होम चार्जेस' म्हणत. हे देणे पौंडांत आणि सरकारचे उत्पन्न रुपयांत. एक कोटी पौंड पाठविण्यासाठी पूर्वी १० कोटी रुपये लागत, ते १६ कोटी लागू लागले. वरचे सहा कोटी आणावयाचे कोठून? अर्थात करांतून. १८८८ साली मिठावरील कर मणामागे दोन रुपयांवरून अडीच रुपये करण्यात आला. त्यामागे ब्रह्मदेशाच्या युद्धाचा खर्च होता, तशी हुंडणावळीतील तूटही होती. ज्याने जन्मात पौंड पाहिला नाही त्या शेतमजुराच्या भाकरीवरील मिठाचा आणि लंडनच्या बाजारातील चांदीच्या भावाचा संबंध असा जोडलेला होता.

मग १८९३ साली हर्शेल समितीच्या शिफारशीवरून, २६ जून रोजी, टांकसाळी लोकांसाठी बंद करण्यात आल्या. रुपये थोडे ठेवावेत म्हणजे त्यांची किंमत चढेल, हा विचार होता, आणि तो खरा ठरला. १८९८ पर्यंत रुपया १ शिलिंग ४ पेन्सांवर आला. सरकारची विवंचना मिटली, पण एक गोष्ट घडली तिच्याकडे आपण लक्ष द्यावयास हवे. गरिबाची बचत त्या काळी पेढीत नव्हती. ती बायकांच्या अंगावरच्या चांदीत होती. हातातले गोठ, पायातले वाळे, कमरेची साखळी, हीच दुष्काळातली शिदोरी. टांकसाळ खुली होती तोवर तोळाभर चांदी म्हणजे जवळजवळ एक रुपया होता. टांकसाळ बंद झाली त्या दिवशी नाण्यातील चांदीची किंमत राहिली आणि अंगावरील चांदीची गेली. पुढे १८९६-९७ चा आणि १८९९-१९०० चा असे दोन भयंकर दुष्काळ पडले, तेव्हा ती चांदी मोडावयास गेलेल्यांच्या हाती किती कमी पैसे पडले असतील याची कल्पना करावी. कायद्याच्या एका कलमाने कोट्यवधी लोकांची बचत अशी कमी झाली, आणि त्या कायद्याला संमती देणाऱ्यांत त्या लोकांचा एकही प्रतिनिधी नव्हता.

यानंतर जी पद्धत रूढ झाली तिला सुवर्ण-विनिमय परिमाण म्हणतात. देशात रुपये आणि नोटा चालाव्यात, सोने चालू नये, आणि परदेशी देण्यासाठी मात्र सरकारने १ शिलिंग ४ पेन्सांच्या ठरीव दराने पौंड पुरवावेत, असे त्याचे स्वरूप होते. विख्यात अर्थशास्त्रज्ञ केन्स यांनी १९१३ च्या आपल्या ग्रंथात या पद्धतीची प्रशंसा केली होती. अशा वेळी कोलंबिया आणि लंडन येथे शिकत असलेल्या एका अस्पृश्य विद्यार्थ्याने तिचे खंडन करण्याचे काम अंगावर घेतले. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये डी. एससी. पदवीसाठी लिहिलेला तो प्रबंधच पुढे ग्रंथरूपाने निघाला. त्याची प्रस्तावना प्राध्यापक एडविन कॅनन यांनी लिहिली.

बाबासाहेबांचा मुख्य आक्षेप साध्या शब्दांत असा सांगता येईल. रुपयाची परदेशातील किंमत स्थिर ठेवणे ही एक गोष्ट आणि रुपयाची घरातील किंमत, म्हणजे त्याची खरेदीशक्ती, स्थिर ठेवणे ही दुसरी गोष्ट. पहिली साधली म्हणजे दुसरी साधतेच असे नाही. सामान्य माणूस रुपयाने पौंड विकत घेत नाही. तो ज्वारी, कापड आणि मीठ विकत घेतो. ज्या पद्धतीत सरकारला वाटेल तितके रुपये पाडता येतात, त्या पद्धतीत हुंडणावळ स्थिर दिसली तरी महागाई वाढत राहील आणि रुपयाची खरी किंमत खाली जाईल. पहिल्या महायुद्धात तसे झालेच. चलन वाढले, धान्य महागले, मजुरी मागे राहिली, आणि १९१९ च्या जानेवारीत मुंबईच्या गिरण्यांत मोठा संप झाला.

त्यावर सरकारने जो उपाय केला तोही पाहण्यासारखा आहे. युद्धकाळात चांदी महाग झाल्यामुळे रुपयाचा दर चढत गेला होता. १९२० साली बॅबिंग्टन स्मिथ समितीच्या मतानुसार तो सोन्यातील दोन शिलिंगांवर ठरविण्यात आला. एकटे दादीबा दलाल यांनी विरुद्ध मत दिले. बाजाराने तो दर मानला नाही. दर टिकविण्यासाठी सरकारने सुमारे साडेपाच कोटी पौंड विकले, आणि तरी १९२१ च्या आरंभी रुपया १ शिलिंग ४ पेन्सांच्याही खाली गेला. १९२० च्या जुलैत बाबासाहेब अर्धवट राहिलेला अभ्यास पुरा करण्यासाठी पुन्हा विलायतेस निघाले, तो हा काळ. कायद्यातील दोन शिलिंगांच्या दराने १०० रुपयांचे १० पौंड व्हावयाचे. १ शिलिंग ४ पेन्सांच्या दराने त्याच १०० रुपयांचे ६ पौंड १३ शिलिंग ४ पेन्स होतात. घरून येणाऱ्या रुपयांवर लंडनमध्ये दिवस काढणाऱ्या विद्यार्थ्याला हुंडणावळ म्हणजे काय हे पुस्तकातून शिकावे लागत नव्हते.

१९२५ साली हिल्टन यंग यांच्या अध्यक्षतेखाली चलनविषयक रॉयल कमिशन आले. तेव्हाचा वाद मोठा गाजला. रुपया १ शिलिंग ६ पेन्सांवर ठेवावा की १ शिलिंग ४ पेन्सांवर? गिरणीमालक आणि निर्यात व्यापारी खालच्या दराच्या बाजूचे होते. सर पुरुषोत्तमदास ठाकुरदास यांनी कमिशनवर तशी भिन्नमतपत्रिका जोडली. खालचा दर हीच राष्ट्रीय मागणी, असा तेव्हाचा सूर होता. बाबासाहेबांची साक्ष १५ डिसेंबर १९२५ रोजी झाली. त्यांनी या 'राष्ट्रीय' शब्दाचीच उलटतपासणी केली. रुपया उतरला म्हणजे निर्यात करणाऱ्याला लाभ होतो हे त्यांनी मान्य केले. परंतु तो लाभ परदेशातून येऊन साऱ्या राष्ट्राला मिळतो हे त्यांनी मान्य केले नाही. तो लाभ देशातल्याच एका वर्गाकडून दुसऱ्या वर्गाकडे जातो, असे त्यांनी दाखविले. रुपया उतरला की देशात भाव चढतात. मालक चढ्या भावाने माल विकतो आणि मजुराला जुन्याच दराने मजुरी देतो. या दोहोंतील फरक म्हणजेच त्याचा नफा. मुंबईच्या गिरण्यांनी १८९३ पूर्वी चीनला सूत पाठवून जी भरभराट केली तिचाही एक भाग असाच मजुराच्या मागे राहिलेल्या वेतनातून आला होता.

बंधूंनो, माझ्या मते या प्रश्नावर आजवर जे बोलले गेले त्यात हे सर्वांत महत्त्वाचे आहे. रुपया चढावा की उतरावा, या प्रश्नाला साऱ्या देशाचे एकच उत्तर नसते. वर्गागणिक उत्तर बदलते. म्हणून कोणी 'देशहित' म्हटले की त्यात आपले हित कोठे बसते, हे विचारण्याचा आपल्याला अधिकार आहे.

येथे एका गैरसमजाविषयी बोलणे भाग आहे. रिझर्व्ह बँक बाबासाहेबांनी स्थापन केली, किंवा त्यांच्या ग्रंथावरूनच तिचा कायदा लिहिला, असे विधान आपल्या व्यासपीठांवरून अनेकदा केले जाते. ज्याची नोंद आहे ते असे. त्यांनी कमिशनपुढे लेखी निवेदन दिले आणि तोंडी साक्ष दिली. सरकारने स्वतःसुद्धा नवे रुपये पाडू नयेत, सोन्याचे नाणे पाडावे, त्याचे आणि रुपयाचे प्रमाण कायद्याने ठरवावे, आणि एकाच्या बदली दुसरे देण्याचे बंधन असू नये, असे त्यांचे म्हणणे होते. कमिशनने ते स्वीकारले नाही. त्याने १ शिलिंग ६ पेन्सांचा दर आणि निराळी योजना सुचविली. मध्यवर्ती बँकेची शिफारस त्याच अहवालात होती. १९३४ साली कायदा झाला आणि १ एप्रिल १९३५ रोजी रिझर्व्ह बँक सुरू झाली. बाबासाहेबांचे मोठेपण सिद्ध करण्यासाठी आपल्याला पुराव्याबाहेरच्या गोष्टीची गरज नाही. त्यांचा सल्ला सरकारने मानला यापेक्षा, न मानलेला तो सल्ला कोणाच्या बाजूचा होता, हे सांगणे अधिक सत्य आहे आणि अधिक उपयोगाचेही आहे.

१९३४ च्या त्या कायद्याविषयी वकील म्हणून एक गोष्ट सांगतो. त्याच्या ४० व्या आणि ४१ व्या कलमांत हुंडणावळीचा दर अक्षरशः लिहिलेला होता. १ शिलिंग ६ पेन्सांच्या किंचित वर आणि किंचित खाली अशा दोन मर्यादा होत्या, आणि त्या दरांनी पौंड विकणे आणि घेणे हे बँकेवर कायद्याचे बंधन होते. १९४७ साली ती तरतूद बदलली आणि दर ठरविण्याचे काम केंद्र सरकारकडे गेले. १९९३ पासून दर बाजारात ठरतो. नोटेवर गव्हर्नरांच्या सहीचे जे वचन असते त्यात शंभर रुपयांबद्दल शंभर रुपये देण्याची ग्वाही आहे. त्या शंभर रुपयांत किती तांदूळ येतील किंवा किती डॉलर मिळतील, याविषयी त्या वचनात एक अक्षर नाही.

आता स्वातंत्र्योत्तर काळ. १९४७ साली एक रुपया म्हणजे एक डॉलर होता, असे वाक्य वारंवार ऐकू येते. ते सर्वस्वी चूक आहे. तेव्हा रुपयाचा दर १ शिलिंग ६ पेन्स होता. म्हणजे पौंडाला १३ रुपये ५ आणे ४ पै, आणि डॉलरला सुमारे ३ रुपये ३१ पैसे. खोट्या पायावर रचलेली तक्रार कितीही न्याय्य असली तरी पहिल्याच प्रश्नाला कोसळते, म्हणून हे स्पष्ट केले पाहिजे.

१९४९ च्या सप्टेंबरात इंग्लंडने पौंडाचे अवमूल्यन केले. त्याच्या पाठोपाठ भारताने ३०.५ टक्क्यांनी रुपया उतरविला आणि डॉलर ४ रुपये ७६ पैशांवर गेला. पाकिस्तानने आपला रुपया उतरविला नाही, त्यामुळे ताग आणि कापूस यांचा दोन देशांमधील व्यापार ठप्प झाला. पुढची सतरा वर्षे डॉलरचा दर कागदावर हलला नाही. पण देशातले भाव हलत होते. योजनांचा खर्च, १९६२ आणि १९६५ ची युद्धे, १९६५ चा दुष्काळ, आणि परदेशी मदतीचा आटलेला ओघ, या साऱ्यांचा परिणाम एकदम दिसला. ६ जून १९६६ रोजी, इंदिरा गांधी पंतप्रधान आणि सचिन चौधरी अर्थमंत्री असता, डॉलर साडेसात रुपये झाला. १९७१ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने डॉलरच्या बदली सोने देण्याचे बंद केले आणि साऱ्या जगाची जुनी व्यवस्था मोडली. रुपया काही काळ पुन्हा पौंडाला बांधला गेला, आणि १९७५ च्या सप्टेंबरापासून अनेक चलनांच्या समुच्चयाशी जोडला गेला.

१९९१ साली परकीय चलनाची गंगाजळी इतकी आटली की थोड्याच आठवड्यांची आयात भागेल एवढीच शिल्लक राहिली. रिझर्व्ह बँकेचे सुमारे ४७ टन सोने तारण म्हणून परदेशी गेले. १ जुलै आणि ३ जुलै असे दोन टप्प्यांत अवमूल्यन करण्यात आले, आणि डॉलर २१ रुपयांच्या आसपास होता तो २६ रुपयांच्या आसपास गेला. डॉ. मनमोहनसिंग तेव्हा अर्थमंत्री होते. १९९३ च्या मार्चमध्ये दर बाजारावर सोडला, तेव्हा डॉलर ३१ रुपयांच्या थोडा वर होता. २०१३ च्या ऑगस्टमध्ये त्याने ६८ रुपये ओलांडले, २०२२ च्या ऑक्टोबरात ८३, आणि २०२५ च्या डिसेंबरात ९० रुपयांची वेस ओलांडली. १९९३ पासूनचा हिशेब केला तर डॉलर सरासरीने दरसाल सुमारे सव्वातीन टक्के महाग होत गेला आहे.

याची कारणे कोणती? पहिले कारण, आपल्याकडची महागाई बहुतेक वर्षी अमेरिकेतील महागाईहून जास्त राहिली. ज्या चलनाची घरातली किंमत लवकर झिजते त्याची बाहेरची किंमतही कालांतराने झिजते. म्हणून केवळ डॉलरचा आकडा पाहून भागत नाही. दोन्ही देशांतल्या भावांचा फरक वजा केल्यावर खरी घसरण बरीच कमी दिसते. दुसरे कारण, आपण विकतो त्यापेक्षा अधिक माल विकत घेतो. लागणाऱ्या कच्च्या खनिज तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक आणि खाद्यतेलापैकी निम्म्याहून अधिक बाहेरून येते. तिसरे कारण, परदेशी भांडवल येते आणि जाते. ते कधी येईल आणि कधी जाईल हे आपल्या हाती नसते.

यावरून रुपया उतरणे ही राष्ट्राची नाचक्की, असे मी म्हणत नाही. दर एकाच आकड्यावर खिळवून ठेवण्याचा अट्टहास १९२० आणि १९६६ साली किती महाग पडला हे आपण पाहिले. तसेच रुपया उतरला म्हणजे निर्यात वाढून सर्वांचे कल्याण होईल, हेही मी म्हणणार नाही. मी बाबासाहेबांचाच प्रश्न विचारतो. लाभ कोणाला आणि भार कोणावर?

लाभ होणारे सगळेच धनवान नसतात. आखाती देशात राबून घरी पैसे पाठविणाऱ्या कोकणातल्या गवंड्याच्या कुटुंबाला त्याच दिरहमांचे अधिक रुपये मिळतात. अशा कष्टकऱ्यांच्या पैशांमुळेच परदेशातून येणाऱ्या रकमांत आपला देश जगात पहिला आहे. विदर्भातल्या कापूस उत्पादकाला कधी चार पैसे अधिक मिळतात. पण त्याच वेळी खत आणि डिझेल महागते. मोठी निर्यात कंपनी आपले उत्पन्न डॉलरांत घेते आणि वेतन रुपयांत देते. शिवाय तिला हुंडणावळीचा विमा उतरविण्याची सोय आहे. पुढील महिन्यांतला दर आजच ठरवून घेण्याचे करार बँकेत होतात. घरकाम करणाऱ्या बाईला असा करार कोणत्या बँकेत मिळतो? तिच्या चुलीवरचा गॅस, कढईतले तेल आणि कामावर जाण्याचे बसभाडे, या तिन्हींत डॉलर असतो. तिच्या पगारात तो नसतो.

आणखी दोन उदाहरणे देतो. कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेखालील किमान पेन्शन २०१४ च्या सप्टेंबरात दरमहा १००० रुपये ठरली. तेव्हा डॉलर ६० रुपयांच्या आसपास होता. २०२५ च्या डिसेंबरात तो ९० वर गेला, तेव्हाही ती पेन्शन १००० रुपयेच होती. गिरणीत आणि कारखान्यात आयुष्य घालविलेल्या माणसाशी केलेल्या या करारात आकडा लिहिला आणि आकड्याची किंमत राखण्याचे कलम लिहावयाचे राहिले. दुसरे उदाहरण आपल्या मुलामुलींचे. वर्षाला ३०,००० डॉलर खर्चाच्या विद्यापीठात जाण्यास २०१४ साली १८ लाख रुपये पुरत. ९० च्या दराने तेवढ्याच शिक्षणाला २७ लाख लागतात, आणि यात विद्यापीठाने फी एका डॉलरने वाढविलेली नाही. ज्याची शिष्यवृत्ती परकीय चलनात ठरलेली आहे तो वाचतो. ज्याने रुपयांत कर्ज काढले त्याचा बाप वरचे नऊ लाख कोठून आणणार?

म्हणून आपण मागावयाचे काय? डॉलर स्वस्त करा, अशी मागणी करण्यात अर्थ नाही. ते कोणत्याही सरकारच्या केवळ इच्छेवर अवलंबून नाही. आपली मागणी कायद्याच्या भाषेत असली पाहिजे. बाबासाहेब मजूरमंत्री असता १९४६ साली त्यांनी किमान वेतनाचे विधेयक मांडले. १९४८ साली त्याचा कायदा झाला. मूळ वेतन आणि राहणीमानाच्या खर्चाबरोबर बदलणारा भत्ता, ही कल्पना त्या कायद्यात होती. २०२५ च्या नोव्हेंबरात वेतन संहिता अमलात आली आणि त्या कायद्याची जागा तिने घेतली. राष्ट्रीय किमान वेतनाचा सल्लावजा आकडा २०१७ साली रोजी १७६ रुपये होता. २०१९ साली तो वाढवून १७८ केला. दोन वर्षांत दोन रुपये! संहितेत किमान मजुरीची पातळी ठरविण्याचा अधिकार आता कायद्याने दिलेला आहे. तो आकडा मुदतीत आणि भावनिर्देशांकाप्रमाणे बदलला जातो की नाही, यावर आपल्या संघटनांनी पाळत ठेवावी. पेन्शन, शिष्यवृत्ती, वसतिगृहाचा निर्वाहभत्ता आणि शिष्यवृत्तीसाठीची उत्पन्नमर्यादा, या प्रत्येक रुपयांतल्या आकड्याला आपोआप बदलण्याचे कलम जोडले जावे, ही आपली दुसरी मागणी असावी. नोकरशहांच्या महागाई भत्त्याला जो न्याय लागतो तोच विद्यार्थ्याच्या आणि वृद्धाच्या हक्काला लागावा, एवढेच तिचे स्वरूप आहे.

तिसरी गोष्ट. २०१६ साली रिझर्व्ह बँकेच्या कायद्यात दुरुस्ती होऊन महागाईचे उद्दिष्ट प्रथमच कायद्याच्या चौकटीत आले. ४ टक्के, आणि त्याच्या वरखाली दोन टक्क्यांची मोकळीक. रुपयाचे घरातले मोल सांभाळणे हे चलन चालविणाऱ्यांचे कर्तव्य, हे तत्त्व अशा रीतीने कायद्यात लिहिले गेले. १९२३ साली लंडनमध्ये एकाकी लिहिणाऱ्या विद्यार्थ्याने हेच कर्तव्य अग्रभागी मांडले होते. १९३४ च्या कायद्यात पौंडाचा दर होता आणि भाकरीच्या दराविषयी काही नव्हते. आज कायद्यात डॉलरचा दर नाही आणि भावांचे उद्दिष्ट आहे. हा बदल लहान नाही. परंतु कायद्यात लिहिलेला हक्क मागितल्यावाचून मिळत नाही, हा आपल्या समाजाचा पाण्यापासून जमिनीपर्यंतचा अनुभव आहे. चलनाचा हक्क याला अपवाद असणार नाही.

आपल्यापैकी जे विद्यार्थी आहेत त्यांना माझी एक विनंती आहे. बाबासाहेबांचा हा ग्रंथ कपाटात पुजून ठेवू नका. त्यातली कोष्टके अवघड वाटतील. तरी चिकाटीने वाचा. अभ्यासमंडळात एकेक प्रकरण घेऊन चर्चा करा. रिझर्व्ह बँकेचे पतधोरण जाहीर होते त्या दिवशी ते वाचावयाची सवय लावा. अर्थशास्त्र हा आपला विषय नव्हे, असे आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या सांगण्यात आले, आणि आपल्या वतीने दुसऱ्यांनी निर्णय घेतले. टांकसाळ बंद झाली तेव्हा आपल्या आजी-पणजींना कोणी विचारले नाही. यापुढचा निर्णय आपल्याला विचारल्यावाचून होऊ नये, एवढी तयारी आपण अभ्यासाने केली पाहिजे.

 जय भीम.